बाळ रात्री पुन्हा उठायला लागलंय (८ ते १८ महिने): थांबायचं की काही बदलायचं?

कोपऱ्यावरची_खिडकी
सहाव्या महिन्यात रात्रीतून एकदा दूध पिऊन निवांत झोपणारं बाळ आठव्या-नवव्या महिन्यात अचानक दर दीड तासाला उठायला लागतं. नेमकं त्याच सुमारास आईची २६ आठवड्यांची रजा संपलेली असते, सकाळी आठची लोकल असते आणि घर वन बीएचके. नेटवर शोधलं की "स्लीप रिग्रेशन (नीट बसलेली झोप काही काळ पुन्हा बिघडणं) आहे, आपोआप जाईल" असं एक उत्तर मिळतं, आणि लगेच खाली "आत्ताच सवय मोडा, नाहीतर वर्षभर जागाल" असं दुसरं.

माझा प्रश्न नेमका आहे. हा टप्पा आहे म्हणून थांबायचं, की काहीतरी बदलायचं, हे ठरवायचं कशावरून? चौथ्या महिन्यातल्या रिग्रेशनवर खूप लिहून झालंय, तेव्हा इथे मोठ्या बाळांबद्दलच बोलू. परदेशी वेळापत्रकं आणि वेगळी नर्सरी गृहीत धरलेले सल्ले नकोत. मुंबईतल्या घरात जमेल असं सांगा.

बकुळ
आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. बाळ रात्री उठतं, यात बिघाड काहीच नाही. या वयात झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं. मोठ्यांचं दीड तासाचं. प्रत्येक चक्राच्या शेवटी सगळेच थोडे जागे होतात, आपण कूस बदलतो आणि सकाळी ते आठवतही नाही. बाळ मात्र जागं झाल्यावर आजूबाजूला काय आहे ते बघतं. झोप लागताना जे होतं तेच असेल तर पुन्हा झोपतं. झोपताना आईच्या कुशीत, तोंडात दूध होतं आणि आता गादीवर एकटं आहे, असं दिसलं की रडतं.

मग हे आठव्या महिन्यातच का वाढतं? कारण दोन गोष्टी एकत्र येतात. एक, नजरेआड गेलेली वस्तू किंवा माणूस कुठेतरी आहेच, हे आता त्याला कळू लागलेलं असतं. आई खोलीत नाही म्हणजे ती दुसरीकडे आहे आणि तिला बोलवता येतं! दोन, रांगणं, बसणं, धरून उभं राहणं. नवं कौशल्य आलं की बाळ रात्री अर्धवट झोपेतही तेच करू लागतं. दहा-अकरा महिन्यांची बाळं मध्यरात्री झोपेतच उठून बसलेली दिसतात ती यामुळे.

"एव्हाना सलग झोपायला हवं" हेही मनातून काढून टाका. कॅनडातला २०१८ चा एक अभ्यास आहे, त्यात बारा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे २८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती, आणि त्याचा त्यांच्या विकासाशी काही संबंध आढळला नाही.

विरार_फास्ट
पण झोपायची वेळ कोणती धरायची? दोघंही आठ-साडेआठला घरी पोचणार. त्याआधी बाळ झोपलं तर आईबाप त्याला भेटणार कधी?

दुपारचा_चहा
साडेसात. त्यापलीकडे गेलं की बाळ अतिथकतं, अंगात कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) वाढतं आणि रात्रभर उठतं. आजी-आजोबा असतील तर त्यांनी झोपवावं, आईबाबांनी सकाळी भेटावं. कठीण आहे, पण बाळाच्या सोयीने जायला हवं.

बकुळ
@दुपारचा_चहा, इथे मतभेद आहे. अतिथकवा खरा आहे, पण तो घड्याळातल्या साडेसाताने येत नाही. शेवटच्या डुलकीनंतर किती वेळ जागं ठेवलं, त्यावरून येतो. २०१० मध्ये बऱ्याच देशांतल्या लहान मुलांच्या झोपेची तुलना झाली होती. न्यूझीलंडमध्ये बाळं सरासरी साडेसातला झोपत होती, हाँगकाँगमध्ये सव्वादहाला. साडेसात हा काही निसर्गनियम नाही.

शिवाय दिवसभर आई नसलेल्या बाळाला संध्याकाळचा तासभर तिच्याबरोबर मिळाला नाही, तर तो वेळ ते रात्री वसूल करतं. या वयात तर नक्कीच.

@विरार_फास्ट, नऊ महिन्यांच्या, दोन डुलक्यांवर आलेल्या बाळासाठी असं बसवून बघा. सकाळी साडेआठला उठणं. साडेअकरा ते पावणेएक पहिली डुलकी. सव्वाचार ते साडेपाच दुसरी. रात्री सव्वानऊला झोप. म्हणजे जागेपणाचे तुकडे तीन, साडेतीन आणि पावणेचार तासांचे. एकूण झोप पावणेचौदा तास. ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास पुरतात आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४. बाळाला सकाळी सातला पाळणाघरात सोडायचं असेल, तर हे सगळंच दोन तास अलीकडे ओढावं लागेल. तेव्हा मात्र दुपारचा_चहा म्हणतात तसं लवकर झोपवण्याला पर्याय नाही.

गिरगाव_गल्ली
यातली सगळ्यात मोठी गळती सांगते. पाळणाघरात किंवा आजीकडे बाळ साडेसहा-सातला पेंगतं, "थोडं झोपू दे, आई आली की खेळेल" म्हणून कोणीतरी झोपवतं, आणि मग रात्री साडेअकरापर्यंत डोळे टक्क. साडेपाचनंतर डुलकी नाही, हे पाळणाघराच्या ताईंना कागदावर लिहून द्या. फारच पेंगुळलं असेल तर पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि त्या दिवशी रात्रीची झोप अर्धा तास अलीकडे.

दुसरं म्हणजे टीव्ही. हॉलमध्येच झोपायचं असेल तर झोपेआधी तासभर मालिका बंद. आजीआजोबांना "टीव्ही बंद करा" असं सुनेने सांगितलं की कटकट होते. मुलाने किंवा मुलीने आपापल्या आईवडिलांना सांगावं आणि हेडफोन आणून द्यावा.

तिसरा_मजला
उभं राहणाऱ्या बाळाबद्दल थोडं. बऱ्याच बाळांना धरून उभं राहता येतं, पण खाली बसता येत नाही. रात्री उभं राहून रडतं ते यामुळे. अडकलेलं असतं बिचारं. आपण आडवं करतो, ते पुन्हा उभं राहतं, आणि अर्ध्या तासात त्याचा खेळ होतो.

उपाय दिवसा करायचा. सोफ्याला धरून उभं असताना त्याच्या पायाशी आवडतं खेळणं ठेवा, कमरेला हलका आधार द्या आणि गुडघे वाकवून खाली यायला शिकवा. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन मिनिटं. बहुतेक बाळांना आठवड्या-दोन आठवड्यांत जमतं. रात्री एक-दोनदा आडवं करा, नंतर शेजारी स्वतः आडवे व्हा आणि गादी थोपटा. उचलून पुन्हा पुन्हा झोपवू नका.

या वयात पलंग सोडून जमिनीवर गादी घालणं सगळ्यात सोपं. गादी घट्ट हवी, भिंतीशी फट नको, कारण त्या फटीत बाळ अडकतं. वर्षाच्या आत उशी नको, मोहरीचीही नको. साडीची झोळी या वयात बंदच करा, उठून बसलं की तोल जाऊन पडतं.

आणि जमिनीवर आलात की खोली गुडघ्यांवर बसून बघा. डासांच्या लिक्विडचं मशीन बहुतेक घरांत खालच्या सॉकेटमध्ये असतं, रांगणाऱ्या बाळाच्या बरोबर तोंडासमोर. ते काढा, घडीची मच्छरदाणी वापरा, सॉकेटला झाकण लावा. पडद्याची लोंबती दोरी वर गुंडाळून बांधा.

कापूस
सासूबाई रात्री जायफळ उगाळून द्या म्हणतात. एक-दोन वळसे चालतात का?

समुद्रभरती
@कापूस, नाही. एक वळसाही नाही. जायफळात मिरिस्टिसिन असतं, ते गुंगी आणतं आणि जास्त झालं तर विषबाधा होते. सहाणेवर एका वळशात किती उतरलं हे कोणालाच मोजता येत नाही. बाळगुटीत मध घालत असतील तर तोही वर्षाच्या आत नको, बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

सासूबाईंवर राग धरू नका मात्र. थकलेल्या बाईला बाळ झोपवायला काहीतरी हवंच असायचं. याच शहरात गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळांना अफूची गोळी देऊन जायच्या, 'बाळागोळी' म्हणायचे तिला. पाळणाघर नाही, रजा नाही, करणार काय? आज निदान काय धोकादायक आहे ते आपल्याला माहीत आहे.

याच यादीत सर्दीची औषधं येतात. "थोडं सिरप दिलं की छान झोपतं" हे फार घरांत ऐकू येतं. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखाली वापरू नयेत, अशी सूचना बाटलीवर छापण्याचे आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिलेत. प्रोमेथाझिन हे गुंगी आणणारं अॅलर्जीचं औषध दोन वर्षांखाली अजिबात नको, श्वास मंदावतो. पावसाळ्यात नाक चोंदून बाळ उठत असेल तर साध्या सलाइनचे एक-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत, झोपेआधी आणि दूध पाजण्याआधी. बस.

पिंपळपान
दातांचा मुद्दा आला नाही अजून. दात येताना लाळ, हिरड्या दुखणं, दोन-चार रात्री किरकिर, एवढं पटण्यासारखं आहे. पण महिनाभराचं जागरण दातांवर ढकलू नका. आणि ताप १०० च्या वर असेल तर तो दातांचा नाही, कारण दुसरं शोधा. हिरड्यांवर बेंझोकेनचं (बधिर करणारं) जेल लावू नका. स्वच्छ ओला रुमाल फ्रीजमध्ये थंड करून चावायला द्या. पहिल्या दाढा तेरा ते एकोणीस महिन्यांत येतात, तेव्हा त्रास थोडा जास्त होतो.

लसीचंही लक्षात ठेवा. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस असते. तिचा ताप दुसऱ्या दिवशी येत नाही, पाच ते बारा दिवसांनी येतो. तोवर लस आपण विसरलेलो असतो आणि रिग्रेशन म्हणून डोकं धरून बसतो. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

तापाला पॅरासिटामॉल द्यायची वेळ आली तर बाटली नीट वाचा. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. म्हणजे ड्रॉप्सच्या जागी सिरपचा चमचा, किंवा उलट, असं केलं की डोस कित्येक पटींनी चुकतो. वजनावरून किती मिली ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ज्या बाटलीसाठी लिहिलंय तीच वापरा. रात्री तीन वाजता गणित करायची वेळ येऊ नये.

विरार_फास्ट
आणि रात्रीचं दूध? नऊ महिन्यांत रात्री चार वेळा दूध लागतं का खरंच?

समुद्रभरती
चार वेळा नाही. एखाद-दोन वेळा अंगावर पिणं या वयात सर्रास आहे, त्यात गैर काही नाही.

आधी दिवसाचं खाणं तपासा. नऊ ते अकरा महिन्यांत अंगावरच्या दुधाशिवाय सुमारे ३०० कॅलरी वरच्या जेवणातून हव्यात, वर्षानंतर ५५०. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी, आणि ती घट्ट. चमचा तिरका केला की ओघळेल असं वरणाचं पाणी किंवा पातळ पेज पोट भरते, कॅलरी देत नाही. मऊ वरणभात आणि वर चमचाभर तूप, नाचणीचं दाट सत्त्व, कुस्करलेलं अंडं, खिमट. आई कामावर जायला लागली की बरीच बाळं दिवसा बाटली नाकारतात आणि सगळं दूध रात्री पितात. त्यांचं रात्रीचं दूध आधी तोडलं तर उपाशी राहतील. दिवसाचं वाढवा, मग रात्रीचं कमी करा.

कमी करायचं ते असं. बाटली असेल तर दर दोन रात्रींनी ३० मिली कमी. मापं बदलू नका, पावडरचं दूध असेल तर ३० मिली पाण्याला डब्यातला एक सपाट चमचा हेच प्रमाण ठेवा, पाणी वाढवून दूध पातळ करणं चूक आहे. ६० मिलीवर आलं की ते दूध बंद करून थोपटून झोपवा. अंगावर असेल तर किती मिनिटं पितं ते बघा, दर दोन रात्रींनी दोन मिनिटं कमी. एका वेळी एकच फीड हाताळा. एकदम बंद केलं तर आईला गाठी होतात, स्तनदाहापर्यंत जाऊ शकतं.

वर्षानंतरच्या मुलांचं उलटं असतं. गाईचं-म्हशीचं दूध दिवसाला ५०० मिलीच्या वर गेलं की भूक मरते आणि लोह कमी पडतं. लोह कमी असलेली काही मुलं रात्री पाय आपटतात, तळमळतात. सरकारी कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फॉलिक अॅसिडचं सिरप आहे, पालिकेच्या हेल्थ पोस्टवर विचारा. ते दुधाबरोबर देऊ नका.

दुपारचा_चहा
एवढं सगळं करून काही होत नाही. शेवटी रडू द्यावंच लागतं. तीन मिनिटांनी जवळ जायचं, मग पाच, मग दहा मिनिटांनी. चार-पाच रात्रींत मूल झोपायला शिकतं.

गिरगाव_गल्ली
चाळीत? शेजारचे तिसऱ्या मिनिटाला दार वाजवतील.

बकुळ
वेळ वाढवत जायची ही पद्धत काही घरांत खरोखर चालते. ऑस्ट्रेलियात अशा मुलांना सहाव्या वर्षापर्यंत पाहिलं, नुकसान दिसलं नाही. पण कायमचा फायदाही दिसला नाही. म्हणजे पटत असेल तर करा, पटत नसेल तर मुलाचं काही हुकत नाही. मात्र ती करायला बाळ वेगळ्या खोलीत हवं. एकाच गादीवर आई शेजारी पडून दुर्लक्ष करतेय, हे बाळासाठी कोडंच आहे. आणि आई कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात, आजारपणात किंवा घर बदलताना तर नकोच.

एका खोलीत चालतं ते मागे सरकणं. पहिल्या तीन रात्री कुशीत घ्या, पण डोळे मिटायच्या आत गादीवर ठेवा आणि थोपटा. पुढच्या तीन रात्री थोपटणं थांबवून हात नुसता अंगावर. मग हात गादीवर. मग हातभर अंतरावर. रडलं की एक पायरी मागे या, सुरुवातीला जाऊ नका. दोन ते तीन आठवडे लागतात. बाळाला थोपटणारा माणूस रोज बदलू नका, आणि बाबांनी करायचं ठरलं तर पहिल्या आठवड्यात आईने दुसऱ्या बाजूला झोपावं.

तिसरा_मजला
पहाटे पाचला उठणाऱ्यांसाठी. पहाटे झोप पातळ असते, तेव्हा बारीक कारणही पुरतं. सोसायटीचा पंप, पालिकेचं पाणी यायची वेळ, बादल्यांचा आवाज, मे-जूनमध्ये सहालाच झालेला फटफटीत उजेड. पंखा चालू ठेवा, त्याचा एकसुरी आवाज बाकीचे झाकतो. आवाजाचं यंत्र घेतलंत तर बाळापासून दोन मीटर लांब आणि हळू. एसी २४ ते २६. हात-पाय गार लागले म्हणून पांघरूण वाढवू नका, मानेच्या मागे हात लावून बघा. घाम असेल तर गरम होतंय.

कापूस
आणि नवरात्र, गणपती? खिडकीखालीच मंडप असतो.

तिसरा_मजला
रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरवर बंदी आहे, २००० च्या नियमांनुसार. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ती बारापर्यंत शिथिल करू शकतं. त्या रात्री बाळाला रस्त्याच्या उलट बाजूच्या खोलीत झोपवा आणि वेळापत्रकाचा हट्ट सोडा. मंडळाच्या मुलांना आधीच जाऊन "घरात लहान बाळ आहे, स्पीकरचं तोंड तेवढं फिरवा" म्हटलं तर बहुतेक जण ऐकतात. दोन दिवसांत गाडी रुळावर येते.

कोपऱ्यावरची_खिडकी
खूप कामाचं मिळालं. पण मूळ प्रश्न राहिलाच. थांबायचं की बदलायचं?

बकुळ
तीन गोष्टी बघा.

आधी, दिवसा काही नवं दिसतंय का? रांगणं, उभं राहणं, आई संडासला गेली तरी रडणं, अनोळखी माणसाला बघून बावरणं. हे असेल आणि जागरण त्याच सुमारास सुरू झालं असेल, तर दोन ते सहा आठवडे धरून चाला. या काळात थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे. जवळ जा, धीर द्या, पण आधी नसलेली नवी सवय आणू नका. जे बाळ थोपटून झोपत होतं त्याला आता रात्री दोनला गाडीतून फिरवून आणलं किंवा मोबाइल दाखवला, तर कौशल्य जुनं झाल्यावरही ती मागणी राहते.

मग बाळ उठतं कसं ते. दर तासा-दीड तासाला रडत उठून त्याच एका गोष्टीने लगेच झोपत असेल, तर प्रश्न झोप कशी लागते त्याचा आहे. मागे सरकणं सुरू करा. रात्री एक ते तीन मजेत जागं राहून खेळत असेल, तर दिवसाची झोप जास्त होतेय किंवा रात्री फार लवकर आडवं करताय. दिवसाची झोप अडीच तासांवर थांबवा. झोप लागल्यावर तासाभरातच किंचाळत उठत असेल, तर जागेपणाचा शेवटचा तुकडा लांबलाय, अर्धा तास अलीकडे घ्या.

तिसरं, सहा आठवडे उलटून गेलेत का, किंवा हे सगळं चौथ्या महिन्यापासूनच चालू आहे का? मग त्याला रिग्रेशन म्हणू नका. बदला. एका वेळी एकच गोष्ट, आणि किमान पाच रात्री तीच. आणि चार रात्री लिहून काढा: किती वाजता उठलं, कशाने झोपलं, किती वेळ लागला. झोपमोडीत आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. कागदावर बहुतेक वेळा कारण सरळ दिसतं.

पिंपळपान
यात डॉक्टरांकडे न्यायचं काय ते जोडते. आडवं केलं की जास्त रडणं आणि ताप किंवा कान ओढणं: कान तपासून घ्या. आठवड्यातून तीनपेक्षा जास्त रात्री घोरणं, तोंडाने श्वास, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटणं. वजन न वाढणं. आणि एक तातडीचं: झोपेतून उठताना मान-हात एकदम पुढे झुकून झटके येणं, ओळीने पाच-दहा झटके. दचकणं समजून सोडून देऊ नका. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी दाखवा.

समुद्रभरती
आणि आईबापांची झोप. दोघांनीही रात्रभर अर्धवट जागणं सगळ्यात वाईट. दहा ते दोन एकाची पाळी, दोन ते सहा दुसऱ्याची, आणि पाळी नसलेल्याने शक्य असेल तर हॉलमध्ये झोपायचं. सलग चार तास मिळाले तरी दुसरा दिवस निभतो. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डोळा लागू देऊ नका, पेंग येत असेल तर जमिनीवरच्या गादीवर या. बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, तर ते फक्त जागरण नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

विरार_फास्ट
@बकुळ, सोळा महिन्यांचं मूल दुसरी डुलकी घ्यायला तासभर लावतं आणि रात्री साडेदहा करतं. एका डुलकीवर आणायचं का?

बकुळ
हो, वय बसतं. चौदा ते अठरा महिन्यांत बहुतेक मुलं एकावर येतात. सकाळची डुलकी दर तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं पुढे सरकवत साडेबारापर्यंत आणा, जेवण त्याआधी. पहिले दोन आठवडे संध्याकाळी पेंगेल, रात्रीची झोप अर्धा-पाऊण तास लवकर करा. पाळणाघरात दोन डुलक्या आणि घरी एक असं मात्र ठेवू नका, तिथल्या ताईंशी आधी बोलून घ्या.